टॅबवरचा स्क्रीनशॉट दुसऱ्याच्या फोनवर वाचता यावा म्हणून

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर लगेच सांगता येईल. तुमचा सोलापुरात टॉवेल-चादरींचा घाऊक व्यापार आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. त्या तुम्ही सॅमसंगच्या साडेदहा इंची टॅबवर बघता आणि स्क्रीनशॉट काढून कारखान्यात, अकाउंटंटकडे आणि लेबल छापणाऱ्याकडे पाठवता. अडचणी तीन आहेत. पाठवल्यावर अक्षरं पुसट होतात. लांब ऑर्डर एका चित्रात मावत नाही, आणि मावली तर वाचता येत नाही. खातेक्रमांकावर काळं फिरवलं तरी समोरच्याला तो खालून दिसतो. शेवटी तुम्ही विचारलंय की या सगळ्यासाठी कोणतं ॲप विकत घ्यावं.

मी सोलापुरातच डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवण्याचं काम करते. लेबलं, बिलबुकं, लग्नपत्रिका, कॅटलॉग असं सगळं. माझ्याकडे मजकूर आता कागदावर क्वचित येतो. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी फोनचा किंवा टॅबचा स्क्रीनशॉट असतो. त्यामुळे स्क्रीनशॉट काढणाऱ्यापेक्षा तो उघडणाऱ्याच्या बाजूने मी हा विषय जास्त पाहिला आहे, आणि माझं उत्तर त्याच बाजूने आहे.

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं. तुम्ही चित्र मोठ्या पडद्यावर, निवांत बसून, सगळी ऑर्डर माहीत असताना बघता. समोरचा माणूस ते साडेसहा इंची फोनवर, मागाच्या आवाजात, एका हाताने बघतो. टॅबने स्क्रीनशॉट चांगलाच काढलेला असतो. तो कुठल्या डोळ्यांसाठी, कुठल्या पडद्यासाठी काढायचा हे आधी ठरत नाही, म्हणून पुढचा गोंधळ होतो.

काही गोष्टी तुमच्या टॅबवर अवलंबून आहेत. सॅमसंगची आवृत्ती कुठली आहे, सोबत पेन आहे का, यावर बटणांच्या जागा थोड्या बदलतात. मी सांगितलेलं नाव तुमच्या सेटिंगमध्ये जरा वेगळं दिसलं तर गोंधळू नका. वर भिंगाची खूण असते, तिथे ‘स्क्रीनशॉट’ असं टाकून शोधलं की तो पर्याय सापडतो.

काढण्याची रीत पटकन सांगते, कारण ती तुम्हाला येतेच. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करण्याचं बटण एकदम दाबून लगेच सोडायचं. दाबून धरून ठेवलं तर भलताच मेनू येतो. टॅब मोठा असल्याने दोन हात अडकतात, तेव्हा हाताची कड पडद्यावरून एका बाजूकडून दुसरीकडे फिरवण्याची सोय सॅमसंगमध्ये आहे. ती ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’मधल्या ‘मोशन्स अँड जेस्चर्स’मध्ये सुरू करावी लागते. एस पेन असेल तर त्याच्या मेनूतल्या ‘स्मार्ट सिलेक्ट’ने हवा तेवढाच चौकोन उचलता येतो, आणि रोजच्या कामाला मला तेच सर्वांत आवडतं. घरात कुणाकडे आयपॅड असेल तर तिथे होम बटण नसलेल्या मॉडेलवर वरचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक बटण, होम बटण असलेल्यावर वरचं बटण आणि होम बटण. ॲपलची पेन्सिल असेल तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून आत ओढली तरी स्क्रीनशॉट निघतो.

काढण्याआधी मात्र दोन गोष्टी करा. वरून खाली ओढून ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. ऑर्डरीच्या चित्रात वरच्या पट्टीवर बँकेचा ओटीपी किंवा घरातला खासगी निरोप आलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि पाठवणाऱ्याच्या ते लक्षातही नसतं. दुसरं, सॅमसंगच्या स्क्रीनशॉटच्या सेटिंगमध्ये वरची आणि खालची पट्टी लपवण्याचा पर्याय असतो, तो एकदाच सुरू करून ठेवा. वेळ, बॅटरी, नेटवर्क यांचं तुमच्या जॉबरला, म्हणजे कारखान्यात मागांवर देखरेख करणाऱ्याला, काही काम नाही.

आता पुसटपणा. यात दोन वेगळी कारणं मिसळलेली असतात, आणि ती वेगळी केल्याशिवाय उपाय सापडत नाही.

पहिलं कारण निव्वळ मापाचं आहे. साडेदहा इंची टॅब आडवा धरला की पडद्याची रुंदी साधारण साडेबावीस सेंटीमीटर होते. समोरच्याचा फोन उभा धरलेला असतो आणि त्याची रुंदी जेमतेम सात सेंटीमीटर. म्हणजे तुमचं चित्र त्याच्याकडे एक तृतीयांशावर येतं. तुम्हाला तीन मिलिमीटर दिसणारं अक्षर त्याला एक मिलिमीटर दिसतं. यात व्हॉट्सॲपचा काहीच दोष नाही. तो माणूस बोटांनी चित्र मोठं करेलही, पण मोठं केलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि डिझाइन नंबर एका ओळीचा, नग दुसऱ्या ओळीचे असं वाचलं जातं. कारखान्यात चुकीचा माल लागतो तो असाच.

उपाय सोपा आहे. स्क्रीनशॉट काढण्याआधी टॅब उभा करा. रुंदी लगेच चौदा सेंटीमीटरवर येते, म्हणजे समोरच्याला चित्र एक तृतीयांशाऐवजी निम्म्यावर मिळतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅटच्या अक्षरांचं माप ‘लार्ज’ करा. वेबसाइट किंवा एक्सेलचा तक्ता असेल तर आधी बोटांनी मोठा करा, हवा तेवढाच भाग पडद्यावर आणा आणि मग काढा. लहान अक्षर टिपून नंतर ताणून मोठं करता येत नाही. आधी मोठं करून टिपलं तर प्रत्येक अक्षराला जास्त पिक्सेल मिळतात. एवढ्या एका सवयीने तुमची निम्मी तक्रार जाईल.

दुसरं कारण दाबणुकीचं. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान करतं आणि जेपीईजी पद्धतीने दाबतं. ही पद्धत छायाचित्रांसाठी बनलेली आहे. चेहरा, आभाळ, कापडाचा पोत यात थोडी माहिती गेली तरी डोळ्याला कळत नाही. अक्षराची कडा मात्र एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर जाते, आणि तिथे ही पद्धत राखाडी धूर सोडते. आपल्या लिपीला त्याचा त्रास जास्त होतो. अनुस्वार, रफार, उकार या अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या बारीक खुणा असतात आणि आधी त्याच विरघळतात. हैदराबादच्या गिऱ्हाइकाने तेलुगूत ऑर्डर लिहिली असेल तर तीच गत, कारण तिथेही वरखाली बारीक वळणं आहेत. आकड्यांचं तर विचारूच नका. इंग्रजी आकड्यांतला तीन आणि आठ धुरकट झाला की तीनशे डझनाचे आठशे डझन व्हायला वेळ लागत नाही.

यावर तीन पातळ्यांवर काम करता येतं. सॅमसंगच्या त्याच स्क्रीनशॉटच्या सेटिंगमध्ये जतन करण्याचा प्रकार जेपीजी की पीएनजी असा विचारलेला असेल, तर पीएनजी निवडा. पीएनजीत काहीही गाळलं जात नाही, अक्षराची कडा जशीच्या तशी राहते. दुसरं, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना वर ‘एचडी’ अशी खूण दिसते, ती दाबा. २०२३ च्या ऑगस्टपासून ही सोय आहे, तरी अजून पुष्कळ लोक वापरत नाहीत. तिसरं, चित्राला हात न लावता पाठवायचं असेल तर फोटो म्हणून पाठवूच नका. पिनेची खूण दाबून ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून स्क्रीनशॉटची फाईल जोडा. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाईल व्हॉट्सॲप दाबत नाही.

मग सगळंच डॉक्युमेंट म्हणून का पाठवू नये, असं वाटेल. माझं मत वेगळं आहे. कारखान्यात जॉबरला फाईल उघडायला लावू नका. त्याला चॅट उघडताच चित्र समोर दिसलं पाहिजे. त्याच्यासाठी नीट कापलेला, मोठ्या अक्षरांचा स्क्रीनशॉट एचडी फोटो म्हणून पाठवा. माझ्यासारख्या छापणाऱ्याला किंवा अकाउंटंटला मात्र डॉक्युमेंटच पाठवा, कारण आम्ही ते संगणकावर उघडतो आणि आम्हाला प्रत्येक आकडा हवा असतो.

लांब ऑर्डरीकडे येते. सॅमसंगमध्ये स्क्रीनशॉट काढला की खाली पट्टी येते, तिच्यात खाली जाणाऱ्या बाणांची खूण असते. ती दाबत राहिलं की पान सरकतं आणि पुढचा भाग त्याच चित्राला जोडला जातो. साध्या अँड्रॉइडमध्ये ही सोय आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. तिथे ‘कॅप्चर मोअर’ असं लिहिलेलं दिसतं. आयपॅडवर सफारीतल्या पानाचा स्क्रीनशॉट उघडला की वर ‘फुल पेज’ येतं आणि पूर्ण पान पीडीएफ म्हणून ठेवता येतं, पण ते प्रत्येक ॲपमध्ये चालत नाही. बाणाची खूण दिसलीच नाही, तर ते ॲप सरकतं चित्र देत नाही किंवा पान तेवढं लांबच नाही असं समजा.

तुम्ही म्हणता की लांब चित्र काढता येतं, पण पाठवलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. ते असं होतं. व्हॉट्सॲप चित्राच्या मोठ्या बाजूला मर्यादा घालतं. साध्या स्क्रीनशॉटची मोठी बाजू फार मोठी नसते, त्यामुळे तो थोडाच लहान होतो. सरकवून काढलेलं चित्र मात्र रुंदीच्या सात-आठपट उंच असतं. ती उंची मर्यादेत बसवायची तर रुंदीही त्याच प्रमाणात आक्रसते, आणि अक्षरं रुंदीबरोबर जातात. म्हणजे चित्र जितकं लांब, तितकं ते फोटो म्हणून पाठवताना खराब होणार. त्यामुळे माझा नियम असा आहे की लांब चित्र फक्त डॉक्युमेंट म्हणून जातं. फोटो म्हणूनच पाठवायचं असेल तर त्याचे उभ्या पडद्याएवढे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याची शेवटची ओळ परत घ्यायची. ती एक ओळ दोन्हीकडे दिसली की वाचणाऱ्याला खात्री पटते की मधली ओळ गळलेली नाही. सोबत ‘१/३’, ‘२/३’ असं लिहा, कारण नेटवर्क मंद असेल तर चित्रं मागेपुढे पोहोचतात.

छापायचं असेल तर लांब चित्र आणखीनच निरुपयोगी. ए-फोर कागद रुंदीच्या साधारण १.४ पट उंच असतो. त्यावर सातपट उंच चित्र बसवलं तर मधोमध एक बारीक पट्टी छापली जाते आणि दोन्ही बाजू कोऱ्या राहतात. झेरॉक्सच्या दुकानात असे कागद हातात घेऊन उभी असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

इथे एक मूळ प्रश्न विचारते. ऑर्डरीचा स्क्रीनशॉट हवाच आहे का? ऑर्डर जर लिहिलेल्या मजकुरात आली असेल, तर तो मजकूर दाबून धरा आणि पुढे पाठवा किंवा कॉपी करा. मजकूर कधी पुसट होत नाही, त्यात शोधता येतं, अकाउंटंटला परत टाइप करावा लागत नाही, आणि मला लेबलवर तोच चिकटवता येतो. सगळा संवाद द्यायचा असेल तर चॅटच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘एक्स्पोर्ट चॅट’ आहे. फोटोंसकट किंवा फोटोंशिवाय पूर्ण चॅट फाईल म्हणून निघतं. स्क्रीनशॉटची गरज खरी तेव्हा असते, जेव्हा मजकुराचं दिसणं महत्त्वाचं असतं: डिझाइनचा फोटो आणि त्याखालचा नग एकत्र दाखवायचा असतो, प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेल्या नमुन्यावर, नेमकी जागा दाखवायची असते, किंवा ॲपमध्ये काही अडलंय आणि ते दाखवायचं असतं. तुमच्या ऑर्डरींपैकी बऱ्याच ऑर्डरींना स्क्रीनशॉट लागणारच नाही असा माझा अंदाज आहे. कुणी कागदावर हाताने लिहून फोटो पाठवला असेल तर गूगल लेन्सने त्यातला देवनागरी मजकूर उचलता येतो, पण हस्ताक्षर असेल तर प्रत्येक आकडा स्वतः ताडून पाहा.

पैशांच्या स्क्रीनशॉटबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला त्यावर ठाम बोलायचं आहे. गिऱ्हाइकाने पाठवलेला ‘पेमेंट सक्सेसफुल’चा स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा धरू नका. जी साधनं मी तुम्हाला सांगतेय त्याच साधनांनी आकडा आणि तारीख बदलता येते, आणि तसे खोटे स्क्रीनशॉट तयार करून देणारी ॲपसुद्धा निघाली आहेत. माल गाडीत चढवण्याआधी स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा खात्याच्या उताऱ्यात रक्कम जमा दिसली पाहिजे. गिऱ्हाइकाकडून चित्राऐवजी व्यवहाराचा क्रमांक मजकुरात मागा. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो, एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा आणि आरटीजीएसचा २२. तो क्रमांक अकाउंटंटला उताऱ्यात थेट शोधता येतो. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

वादाची शक्यता असलेल्या ऑर्डरीचं चॅट मात्र पुसू नका आणि तिच्या मूळ स्क्रीनशॉटवर काही खरडू नका. खुणा करायच्या असतील तर प्रतीवर करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. त्या वेळी वकील मूळ फोन किंवा टॅब आणि मूळ संवाद मागतील, नुसतं कापलेलं चित्र पुरत नाही.

आता खुणा करण्याबद्दल. माझं रोजचं काम प्रूफ तपासण्याचं आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. लेबलचं किंवा पत्रिकेचं प्रूफ मी पाठवते, समोरून त्यावर लाल गोल मारलेले स्क्रीनशॉट येतात. बहुतेक वेळा गोल अक्षरांवरूनच गेलेला असतो, त्यामुळे चुकलेलं अक्षर कुठलं हेच दिसत नाही. बोटाने लिहिलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा अवघड असते. आणि पाच गोल असले तर चौथ्या गोलात नेमकं काय हवंय, हे विचारायला फोन करावा लागतो.

चांगली खूण अशी असते. आधी कापा, मग खूण करा. पूर्ण पडद्यावर खुणा करून नंतर कापलं तर खुणा अर्ध्या तुटतात. कापताना दुरुस्तीच्या आजूबाजूचा थोडा भाग ठेवा, नाहीतर लेबलच्या कुठल्या कोपऱ्यातली ओळ आहे ते कळत नाही. गोल अक्षराभोवती सैल काढा किंवा अक्षराखाली रेघ ओढा. प्रत्येक खुणेजवळ मोकळ्या जागेत फक्त आकडा लिहा, १, २, ३. दुरुस्ती चित्रावर लिहू नका, ती व्हॉट्सॲपच्या मजकुरात टाइप करा: ‘१) टॉवेलचं माप ३० बाय ६० हवं. २) चादरीचा शेड नंबर बदलला आहे, नवा नंबर खाली दिला आहे.’ मला तो मजकूर थेट उचलता येतो आणि माझ्या टायपिंगमध्ये नवी चूक शिरण्याची जागाच राहत नाही. ही पद्धत ज्या गिऱ्हाइकांनी उचलली त्यांची प्रुफं एका फेरीत संपतात.

रंगाचंही बघा. स्क्रीनशॉट पुढे काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर जाणार असेल तर पिवळा हायलाइटर जवळजवळ नाहीसा होतो आणि लाल रेघ राखाडी होऊन अक्षरांत मिसळते. तिथे जाड काळा बाण आणि आकडाच टिकतो. आणि प्रिंटसाठी स्क्रीनशॉट काढताना डार्क मोड बंद करा. काळ्या पार्श्वभूमीचं चित्र छापलं की शाई वाया जाते आणि पांढरी अक्षरं शाईने बुजतात.

सर्वांत गंभीर भाग झाकण्याचा. तुमच्या खातेक्रमांकावरून काळं फिरवूनही तो दिसतो, कारण तुम्ही बहुधा हायलाइटर वापरताय. हायलाइटर पारदर्शक असतो. काळा रंग निवडून तीन-चार वेळा फिरवला की टॅबवर तो गडद दिसतो, पण खालच्या अक्षरांचा फरक चित्रात शिल्लक राहतो. समोरच्याने चित्राचा उजळपणा (ब्राइटनेस) वाढवला की आकडे वर येतात. झाकायला साधा पेन घ्या, त्याची जाडी पूर्ण करा, पारदर्शकतेची पट्टी असेल तर ती पूर्ण गडद बाजूला सरकवा. भरीव चौकोनाची सोय असेल तर सर्वांत उत्तम. आकड्यांच्या दोन्ही बाजूंना थोडं जास्त झाका, म्हणजे किती आकडे आहेत तेही कळत नाही.

धूसर करणं किंवा चौकटी-चौकटी करणं मी टाळते. बातम्यांत चेहरे तसे झाकतात म्हणून ते सुरक्षित वाटतं. आकडे मात्र दहाच असतात आणि त्यांचा आकार ठरलेला असतो. प्रत्येक आकडा धूसर केल्यावर कसा दिसतो हे ताडून मूळ क्रमांक ओळखणारी साधनं खुली उपलब्ध आहेत. खातेक्रमांक, आधार, मोबाइल नंबर यांवर भरीव काळाच हवा.

तेवढ्यानेही काम संपत नाही. झाकलेलं किंवा कापलेलं चित्र जतन केलं, तरी पुष्कळ ॲप मूळ चित्र मागे ठेवतात, म्हणजे तुम्हाला बदल रद्द करता यावा. आयपॅडच्या फोटोमध्ये ‘रिव्हर्ट’ दाबलं की कापलेला भाग परत येतो, आणि एअरड्रॉपने फोटोची सगळी माहिती पाठवण्याचा पर्याय चालू असेल तर तो समोरच्याकडेही जातो. आणि साधनात दोष असू शकतो. २०२३ च्या मार्चमध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या ‘मार्कअप’ या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनाचा असा दोष उघड झाला. कापलेलं चित्र जुन्या फाईलवरच लिहिलं जायचं, पण नवं चित्र लहान असल्याने जुन्या फाईलचा शेवटचा भाग तसाच उरायचा, आणि त्यातून कापून टाकलेला मजकूर बऱ्याच अंशी परत मिळायचा. पाठोपाठ विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी लोकांनी पाठवलेली चित्रं जिथे गेली तिथे गेलीच.

म्हणून माझी रीत अशी आहे. कापा, झाका, जतन करा. मग ते झाकलेलं चित्र गॅलरीत पूर्ण पडद्यावर उघडा आणि त्याचाच नवा स्क्रीनशॉट काढा. पाठवायचा तो हा दुसरा. स्क्रीनशॉट म्हणजे फक्त त्या क्षणी पडद्यावर असलेले रंगाचे ठिपके. काळ्या चौकोनाखाली काही होतं याची त्या फाईलमध्ये नोंदच नसते, मागचे बदल नसतात, रद्द करायला काही नसतं. एक पायरी वाढते, पण बँकेच्या आणि आधारच्या कागदांसाठी मी ती कधी सोडत नाही. चित्र पडद्यावर पूर्ण भरलेलं असेल तर दर्जाही फारसा उतरत नाही. पाठवण्याआधी चित्राचा उजळपणा पूर्ण वाढवून एकदा बघा.

पीडीएफवर मात्र काळा चौकोन ठेवून निर्धास्त होऊ नका. पीडीएफमध्ये चौकोन वर आणि अक्षरं खाली अशी दोन्ही राहू शकतात. मग कुणीही तो भाग निवडून कॉपी केला तर खालचे आकडे निघतात. झाकायचं असेल तेव्हा चित्रच पाठवा.

काय झाकायचं, याचीही सवय लागते. खातेक्रमांक तुमच्या लक्षात आहे. पण गिऱ्हाइकाचा नंबर, त्याचा डीपी, आणि तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला दर? चाटी गल्लीतल्या एका दुकानाला दिलेला भाव शेजारच्या दुकानाच्या चॅटमध्ये गेला तर नातं बिघडतं. क्यूआर कोड दिसला की तो पूर्ण झाका, त्याचा कोपरा झाकून उपयोग नाही, कारण थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा अशीच त्याची रचना असते. आधारची प्रत मागितली तर स्वतः काळं करत बसू नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयकडून मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात पहिले आठ आकडे आधीच झाकलेले असतात.

तुम्ही लिहिलंय की बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट काळा येतो किंवा ‘परवानगी नाही’ असं दिसतं. तो तुमच्या टॅबचा बिघाड नाही. ॲप बनवणाऱ्यांनीच ते बंद केलेलं असतं, आणि ते तुमच्याच भल्याचं आहे, कारण टॅबमध्ये शिरलेलं एखादं खोटं ॲपही मग तो पडदा टिपू शकत नाही. क्रोमचं इनकॉग्निटो आणि व्हॉट्सॲपचे एकदाच दिसणारे फोटो यांनाही तीच आडकाठी आहे. दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढून अकाउंटंटला पाठवू नका. त्या ॲपमधूनच खात्याचा उतारा पीडीएफमध्ये उतरवून घ्या. त्याला ते जास्त उपयोगी पडतं.

छपाईसाठी एक वेगळी विनंती. कंपनीचं बोधचिन्ह किंवा चादरीचं डिझाइन स्क्रीनशॉटमधून देऊ नका. तुमच्या टॅबचा पडदा १९२० बाय १२०० पिक्सेलचा असेल, तर पूर्ण पडद्याचं चित्रसुद्धा ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, चांगल्या छपाईला साधारण १६ बाय १० सेंटीमीटरपर्यंतच पुरतं. त्यातल्या कोपऱ्यातलं बोधचिन्ह जेमतेम इंचभर नीट छापता येईल. ज्याने ते बनवलं त्याच्याकडून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची किंवा पीडीएफची मूळ फाईल मागून एकदाच जपून ठेवा. आणि रंग स्क्रीनशॉटवरून ठरवू नका. तुमच्या टॅबचा पडदा, गिऱ्हाइकाचा फोन आणि माझा संगणक तिन्ही एकच मरून वेगवेगळा दाखवतात. सुताचा शेड नंबर मजकुरात लिहा. स्क्रीनशॉट फक्त रंग कुठल्या पट्टीत येतो ते दाखवायला वापरा.

ॲपचं विचारलंत. विकत काहीही घेऊ नका. कापणं, पेन, मजकूर, सरकतं चित्र हे सगळं टॅबमध्ये आहेच. फुकट म्हणून मिळणारी स्क्रीनशॉटची ॲप गॅलरी आणि पडदा दोन्ही पाहण्याची परवानगी मागतात, आणि धंद्याच्या टॅबवर मी ती देणार नाही. खर्च करायचाच असेल तर तुमचा टॅब पेन चालणारा आहे का ते बघून पेनावर करा. साध्या रबरी टोकाच्या पेननेही बोटापेक्षा बारीक खूण होते.

हे करून बघितल्यावर सरकत्या चित्राची बाणाची खूण तुमच्या टॅबवर दिसली नाही, तर सेटिंग्जमध्ये अगदी शेवटी ‘अबाउट टॅबलेट’ आहे. तिथलं मॉडेलचं नाव आणि ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मधली वन यूआयची, म्हणजे सॅमसंगच्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती इथे लिहा. स्क्रीनशॉट नको, टाइप करूनच लिहा. कारण टॅबची ओळख पटवणारे सीरियल नंबर आणि आयएमईआय त्याच पानावर असतात.